पाणी योजनेच्या निधीवर वाद घालताना या चुका टाळा

‘मंजूर झाले’ म्हणजे ‘आले’ असे धरून भांडू नका. सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. प्रशासकीय मान्यता हा पहिला कागद. पुढे तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश आणि मग प्रत्यक्ष निधी वितरण. अर्थसंकल्पातली तरतूदही हातची धरता येत नाही. ग्रामीण भागात घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जलजीवन मिशनसाठी केंद्राने २०२४-२५ मध्ये ७०,१६३ कोटी रुपये दाखवले होते, वर्ष सरता सरता केलेल्या सुधारित अंदाजात ते २२,६९४ कोटींवर आले. मिशन पूर्ण करण्याची २०२४ ची मुदतही २०२८ पर्यंत लांबली. फलकावरचा आकडा मात्र तसाच राहतो आणि गाव त्यावरच वाद घालत बसते. म्हणून आमदार-खासदारांना ‘किती मंजूर?’ विचारू नका. ‘किती वितरित झाले, कोणत्या तारखेला?’ हे विचारा.

सगळे श्रेय किंवा सगळा दोष एकाच सरकारला देणे ही दुसरी चूक. महाराष्ट्रात जलजीवन मिशनचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. राज्याने आपला वाटा टाकला नाही किंवा आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, दिले नाही, तर पुढचा हप्ता अडतो. उलट केंद्राने हप्ता लांबवला की ठेकेदाराची बिले थकतात, खोदलेले रस्ते उघडे पडतात आणि शिव्या खातो सरपंच. पैसा नेमका कुठल्या टेबलावर थांबलाय हे जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे लेखी मागा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

वाढलेली किंमत म्हणजे जास्त विकास, हा दावा तर मुळीच मान्य करू नका. जायकवाडीतून छत्रपती संभाजीनगरला पाणी आणणारी योजना १,६८० कोटींची होती. ती २,७४० कोटींवर गेली आणि शहरांसाठीच्या राज्याच्या नगरोत्थान योजनेतून केंद्राच्या अमृत २.० या शहरी योजनेत आली. कोणी सुरू केली आणि कोणी रखडवली, यावर सभा गाजल्या. ही वाढ उशिरामुळे झाली की कामाची व्याप्ती वाढल्यामुळे, आणि महापालिकेने आपला हिस्सा कुठून आणायचा, हे प्रश्न त्या गोंगाटात दबले. मला हे फार खुपते, कारण तो हिस्सा शेवटी शहरातल्या माणसाच्याच खिशातून जातो.

देखभालीचा खर्च विसरू नका. मिशनचा पैसा उभारणीसाठी आहे. पंपाचे वीजबिल त्यातून भरता येत नाही. ते पाणीपट्टीतून किंवा वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरायच्या) निधीतून भागवावे लागते. निवडणुकीच्या तोंडावर कोणी पाणीपट्टी माफ करण्याची घोषणा केली, तर पंपाचे बिल कोण भरणार ते तिथेच विचारा.

आणि नळजोडणीच्या आकड्यावर समाधान मानू नका. निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे, तोटी बसवण्याचा नाही. गाव ‘हर घर जल’, म्हणजे प्रत्येक घरी नळाचे पाणी पोचलेले, असे जाहीर करण्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. वरच्या आळीत, टाकीपासून सर्वांत लांबच्या घरात पाणी चढते का हे बघितल्याशिवाय त्या ठरावाला हात वर करू नका.