मुलांच्या भुकेसाठी काम करताना स्थानिक नेते आणि पत्रकार यांची साथ कशी मिळवावी

उपाशी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला सहानुभूतीचे शब्द सहज मिळतात, कारण भुकेल्या मुलाच्या विरोधात कोणीच बोलत नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. सभेत आश्वासन मिळते, फोटो छापून येतो आणि पुढच्या आठवड्यात धान्याची कोठी पुन्हा रिकामी असते. म्हणून ‘आम्हाला पाठिंबा द्या’ अशी मोघम विनंती कधीही करू नये. कोणाकडून काय हवे आणि कोणत्या तारखेपर्यंत हवे, हे आधी कागदावर उतरवावे: सुटीच्या काळात शाळेचे स्वयंपाकघर वापरण्याची लेखी परवानगी, धान्य ठेवण्यासाठी एक कोरडी खोली, किंवा येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर या विषयाची नोंद. समोरच्याला केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल इतकी मागणी नेमकी असावी.

जून 2020 मध्ये फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड याने ब्रिटनच्या खासदारांना खुले पत्र लिहिले. लहानपणी आपणही शाळेतल्या मोफत जेवणावर अवलंबून होतो, हे त्याने त्यात मोकळेपणाने सांगितले. पण मागणी एकच ठेवली, ती म्हणजे उन्हाळी सुटीतही गरजू मुलांना जेवणाची कूपने मिळत राहावीत. दुसऱ्याच दिवशी सरकारने सुटीत कूपने न देण्याचा आपला निर्णय बदलला आणि इंग्लंडमधील सुमारे 13 लाख मुले या योजनेसाठी पात्र ठरली. त्याच्यासारखी प्रसिद्धी आपल्यापाशी नसते, हे खरे आहे. मात्र मागणीतला तो नेमकेपणा कोणत्याही लहान संस्थेला साधता येतो.

नेते म्हणजे केवळ निवडून आलेले प्रतिनिधी नव्हेत. मुख्याध्यापक, बालरोगतज्ज्ञ, धर्मगुरू, कामगार संघटनेचे पदाधिकारी, व्यापारी संघाचे अध्यक्ष या सगळ्यांची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे ही व्यक्ती कोणाचे ऐकते, हेही लिहावे. आज विरोधात असलेल्या माणसाचे नाव यादीतून खोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या महायुद्धानंतर नाकेबंदीमुळे मध्य युरोपातील मुले उपासमारीने खंगत असताना, 1919 मध्ये ब्रिटिश समाजसेविका एग्लंटाइन जेब यांनी लंडनच्या ट्रफल्गार चौकात एका उपाशी मुलाचे छायाचित्र असलेली पत्रके वाटली, आणि सेन्सॉरची परवानगी नसल्यामुळे त्यांना अटक झाली. न्यायालयाने 5 पौंड दंड केला. तेवढी रक्कम त्यांच्याविरुद्ध खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाने स्वतःच्या खिशातून दिली. त्याच वर्षी जेब यांच्या पुढाकाराने ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची स्थापना झाली, आणि वर्ष संपण्यापूर्वी पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी 28 डिसेंबर हा दिवस ठरवून मुलांसाठी निधी गोळा करण्याचे आवाहन चर्चना केले.

भेटीला जाताना एकच पान न्यावे आणि त्याच्या जोडीला मुआक टेप न्यावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजण्याची ही रंगीत पट्टी असते: 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी घेर लाल भागात येतो व तीव्र कुपोषण दाखवतो, तर 12.5 पर्यंतचा पिवळा भाग मध्यम कुपोषणाचा असतो. टेपचा 11.5 सेंटिमीटरचा वेढा करून तो टेबलावर ठेवावा. मोठ्या माणसाने त्यात दोन बोटे घातली की फारशी जागा उरत नाही; लांबलचक भाषणाने जे समजत नाही, ते तेवढ्याने समजते. मात्र नेत्यासमोर किंवा कॅमेऱ्यासमोर एखाद्या मुलाचा दंड मोजून दाखवू नये. आकडे सांगताना आपल्या नोंदवहीतलेच सांगावेत, आणि भूक व कुपोषण या दोन गोष्टी एक करू नयेत, कारण पोटभर जेवणारे मूलही वारंवारच्या जुलाबांमुळे कुपोषित असू शकते. चांगला पत्रकार हा प्रश्न विचारतोच.

सत्ताधारी आणि विरोधक यांना एकाच आठवड्यात भेटावे, आणि जेवणाच्या पाकिटावर कोणत्याही पक्षाचे चिन्ह किंवा कोणाचे छायाचित्र येणार नाही, हा नियम कोणी विचारण्याआधीच लेखी करून ठेवावा. निवडणूक जवळ आल्यावर हाच कागद उपयोगी पडतो.

पत्रकाराशी ओळख बातमी हवी असेल त्या दिवशी नव्हे, तर त्यापूर्वीच करून घ्यावी. प्रसिद्धिपत्रक एका पानाचे, पहिल्याच वाक्यात बातमी असलेले आणि फोन उचलणाऱ्या एका माणसाचे नाव दिलेले असावे. 16 ऑक्टोबरचा जागतिक अन्न दिन किंवा 20 नोव्हेंबरचा जागतिक बालदिन सोयीचा वाटतो, परंतु त्या दिवशी पत्रकाराच्या टेबलावर अशा पत्रकांचा ढीग असतो. माझ्या मते शाळांना मोठी सुटी लागण्याआधीचा आठवडा अधिक मोलाचा आहे, कारण शाळेतले जेवण बंद होणार ही त्या आठवड्यातली खरी बातमी असते.

छायाचित्रांबाबत मात्र कितीही घाई असली तरी तडजोड करू नये. ज्या मुलाचा चेहरा ‘भुकेला’ म्हणून छापला जातो, ते मूल दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसते आणि वर्गातल्या मुलांनी तो फोटो पाहिलेला असतो. पालकांची संमती जेवण वाटपाच्या रांगेत मागू नये, कारण तिथे नकार देण्याचे धाडस होत नाही; ती वेगळ्या वेळी घ्यावी, फोटो कुठे छापला जाईल हे सांगावे, आणि नकार दिला तरी ताटात काही कमी होणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. मुलालाही विचारावे. पातेल्यातून वाढणारे हात, ओळीने मांडलेली ताटे, पाठमोरी बसलेली मुले यांतूनही बातमी पूर्ण होते. पत्रकार नाव मागत असेल तर नाव बदलून द्यावे, आणि ते बदलले असल्याचे बातमीत नमूद करायला सांगावे.

बातमी आल्यावर तिच्यात आकडा चुकला असेल, तर तो आपल्या बाजूने वाढलेला असला तरी त्याच दिवशी दुरुस्ती कळवावी. ज्या नेत्याने परवानगी दिली, त्याला महिन्याच्या आत किती मुले जेवली आणि किती खर्च झाला याचा एक पानी हिशेब पाठवावा. ठरलेल्या तारखेला परवानगी मिळाली नाही, तर आधी फोन करावा, मग लेखी स्मरणपत्र द्यावे. त्यानंतरही उत्तर आले नाही तरच पत्रकाराकडे जावे, आणि जाण्यापूर्वी आपण जात आहोत हे त्या नेत्याच्या कार्यालयाला कळवावे.