साउना असलेलं घर मिळालं तर: खान्देशातून फिनलंडला निघालेल्यांसाठी

हे जळगावात बसून लिहितोय. मे महिना, दुपारचे तीन, बाहेर ४५ अंश. फिनलंडमधल्या एस्पो शहरातल्या आमच्या घरात ८० अंशांची एक लाकडी खोली, म्हणजे साउना, आहे आणि शनिवारी आम्ही मुद्दाम तिच्यात जाऊन बसतो, हे आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "अठे फुकटमा घाम येस, तठे पैसा दिसन कसाले काढस?" चौदा वर्षं झाली, तिला पटेल असं उत्तर अजून देता आलेलं नाही.

या सुट्टीत गल्लीतली दोन पोरं आणि अमळनेरचं एक जोडपं भेटून गेलं. ऑगस्टात निघणार आहेत. परमिट, बँक, जाकीट, डाळी किती न्यायच्या, सगळं विचारलं. त्यावर सांगणारे पुष्कळ आहेत, मी सांगत नाही. साउनाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही, आणि आपल्या लोकांचं डिपॉझिट अडकतं ते नेमकं तिथे.

पंचावन्न लाखांच्या त्या देशात तीसेक लाख साउना आहेत. इमारतीत सामाईक असेल तर आठवड्यातला तुमचा तास ठरलेला असतो. वेळेवर जा, वेळेवर निघा, झालं. पण बऱ्याच फ्लॅटांत बाथरूमला लागूनच छोटा साउना असतो. तो मिळाला की जबाबदारी तुमची.

माझी चूक आधी सांगतो. पाचव्या वर्षी आम्ही ओळीतलं एक घर विकत घेतलं. साउनातली बाकं, त्यांना तिकडे लाउतेत म्हणतात, जुनी आणि काळवंडलेली होती. आमच्या घरी दिवाळी आली की सागवानी दार, झोपाळ्याची पाटी, देव्हारा, सगळ्यांवर पॉलिशचा हात फिरायचा. लाकूड म्हटलं की पॉलिश, एवढंच डोक्यात. दुकानातून वार्निश आणलं, दोन हात मारले. बाकं अशी चमकली की मी फोटो काढून घरी पाठवले. शनिवारी ऑफिसातल्या दोघा फिनिश मित्रांना बोलावलं. दहा मिनिटांत वास सुटला, मग बाक चिकट झाला, आणि एकाचा टॉवेल उठताना फळीलाच राहिला. फिनिश माणूस तोंडावर काही बोलत नाही. ते दोघे शांतपणे बाहेर जाऊन बसले, आणि ती शांतता मला शिव्यांपेक्षा जास्त लागली. घासून वार्निश निघेना. शेवटी सगळ्या फळ्या बदलल्या. नुसत्या लाकडाचे साडेआठशे युरो, मजुरी वेगळी.

म्हणून बाकांना वार्निश नाही, पॉलिश नाही, रंग नाही. ती बाकं अ‍ॅस्पेन किंवा आल्डरची असतात. मऊ, हलकं लाकूड, चीक नाही, उष्णता हळू वाहून नेतं. त्यामुळेच ८० अंशांतही त्यावर बसता येतं. वरून थर चढवला की तोच तापतो, मऊ पडतो, वास सोडतो. द्यायचंच असेल तर पॅराफिन तेल, साउना-बाकांसाठीच मिळतं ते. पातळ हात, थोडं मुरू द्यायचं, उरलेलं पुसून घ्यायचं, आणि कोणी बसण्याआधी एकदा रिकामाच साउना तापवायचा. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारल्याशिवाय तेही नको.

धुणं सोपं आहे. कोमट पाणी, पाइनचा साबण, मऊ ब्रश, आणि रेषांच्या दिशेने घासणं. आडवं घासलं तर तंतू उभे राहतात. घामाचे काळे डाग गेले नाहीत तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने. तिकडचे लोक जूनमधल्या मिडसमरच्या सणाला आणि नाताळाच्या आदल्या दिवशी साउना लखलखीत करतात. तेवढं तरी करा. बसताना खाली टॉवेल घ्या, निम्मे डाग पडतच नाहीत.

आता आपल्या लोकांची खास भानगड. नरकचतुर्दशीला पहाटे साउना तापवायचा, अंगाला तेल-उटणं लावायचं आणि आत जाऊन बसायचं. कल्पना झकास आहे, मीच पहिल्यांदा काढली. पण तेल लाकडात जातं ते जातंच, उटण्याची हळद त्यावर पिवळा शिक्का मारते आणि उरलेलं उटणं मोरीच्या जाळीत घट्ट बसतं. अभ्यंग बाथरूममध्ये करा, धुऊन मग आत जा. साउनाच्या भट्टीत दगड असतात, त्यांवर पाणी ओतून वाफ काढतात. निलगिरीचं तेलही सरळ त्या तापल्या दगडांवर ओतू नका, भडका उडतो. बादलीभर पाण्यात दोन-चार थेंब पुरे.

आणि साउना म्हणजे कोठीघर नाही. हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कोणाच्या तरी घरी बाकांवर सुटकेसा, तांदळाची गोणी आणि वरच्या दोरीवर ओले कपडे दिसतात. "आम्ही वापरतच नाही ना, भाऊ." तुम्ही वापरत नाही, पण टायमरचं बटण तिथेच आहे आणि घरात तीन वर्षांचं पोर आहे. भट्टीवर वाळत घातलेले कपडे हे तिथल्या साउनातल्या आगींचं जुनं, ठरलेलं कारण आहे. एका वहिनींनी तर ऐन जानेवारीत आत बिबडे, म्हणजे आपले ज्वारीचे पापड, वाळवले होते. बिबडे छान झाले, खोटं कशाला बोलू. पण उलथलेला एक कागद भट्टीपासून वीतभर अंतरावर होता. त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो, अजून त्या मला फोन करत नाहीत.

वाफ म्हणजे लोयलू. ती दगडांची करामत आहे, आणि दगड कोणी बघत नाही. विजेच्या भट्टीत, म्हणजे किउआसमध्ये, दगडांमधून हवा खेळली पाहिजे. तापून-भिजून दगड ठिसूळ होतात, चुरा खाली बसतो, हवा अडते आणि कॉइल जळते. वर्षातून एकदा मेन स्विच बंद करून, भट्टी पूर्ण गार झाल्यावर सगळे दगड उपसा. ठिसूळ झालेले फेका. मोठे खाली, लहान वर, सैल रचा. पण वरून कॉइल उघडी दिसता कामा नये. नवे दगड साउनाचे म्हणून जे विकतात तेच घ्या. तापीच्या पात्रातले गोटे सामानातून आणणारा एक महाभाग मला माहीत आहे. पहिल्याच पाण्याला त्यातला एक फटाक्यासारखा फुटला. पाणी साधं नळाचं, खारं नको. कॉइल किंवा वायर बदलायची असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन, स्वतः हात घालू नका.

झाल्यावर दार आणि वरची झडप उघडी ठेवा, जमिनीवरची लाकडी जाळी उचलून उभी करा, पाणी वायपरने काढा. दगडांत उरलेल्या ऊबेवर लाकूड वाळतं. हे केलं नाही की बाकांच्या खालच्या बाजूला बुरशी धरते, आणि घर सोडताना मालक नेमका वाकून तिथेच बघतो. लाकडी बादली मात्र बाहेर ठेवा. आत राहिली की फळ्या आटतात आणि गळते. गळायला लागली तर टाकून देऊ नका, रात्रभर पाण्यात बुडवा. आजोबा बैलगाडीची चाकं नदीत भिजत ठेवायचे, तसंच.

मंगळसूत्र, चेन, अंगठी बाहेर. धातू चटका देतो.

कपड्यांचं काय, हे सगळ्यांना विचारायचं असतं आणि कोणी विचारत नाही. घरच्यांसोबत तुमची मर्जी. पाहुणे असतील तर टॉवेल गुंडाळा, कोणी काही म्हणत नाही. पण पोहण्याच्या तलावावरच्या सार्वजनिक साउनात बहुधा स्विमिंगचे कपडे घालू देत नाहीत, दारावरची पाटी वाचा. तिथे बायका-पुरुषांचे साउना वेगळे असतात, तेव्हा घाबरून परत फिरू नका. मी पहिल्यांदा फिरलो होतो.

मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत जातोय. ऑगस्टात तुम्ही पोचलात की कळवा. आमच्या भट्टीचे दगड या वर्षी अजून उपसलेले नाहीत, ते तुम्ही येईपर्यंत तसेच ठेवतो. जुने हातमोजे घेऊन या, आणि जमलं तर बिबडे. इकडच्या उन्हात वाळवलेले.