एनएमआर केंद्र: फीत कापण्याआधी चौथ्या वर्षाचा हिशोब

विद्यापीठात एनएमआर यंत्र, म्हणजे मोठ्या चुंबकाच्या मदतीने रेणूंची रचना शोधणारं यंत्र, आणणं त्यातल्या त्यात सोपं. केंद्राची परीक्षा सुरू होते ती वॉरंटी संपल्यावर. म्हणून प्रस्तावातच चुंबक गार ठेवणारे द्रव हेलियम आणि नायट्रोजन, सीएमसी (सर्वसमावेशक देखभाल करार), वीज आणि ऑपरेटरचा पगार यांची तरतूद लिहून घ्या.

जागा आधी ठरवा. तळघर नकोच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबई विद्यापीठाचं कलिना संकुल तिथून जवळच आहे. उंच जोत्याचा तळमजला निवडा. लिफ्ट, पार्किंग आणि लोकलचे रूळ लांब हवेत, कारण हलतं लोखंड चुंबकीय क्षेत्र बिघडवतं. 5 गॉसची रेषा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र 5 गॉसपर्यंत उतरतं ती हद्द, जमिनीवर रंगवा. पेसमेकरवाल्यांनी ती ओलांडायची नाही. क्वेंच झालं, म्हणजे चुंबकाचं क्षेत्र अचानक कोसळून हेलियम उकळलं, तर 1 लिटर द्रव हेलियमचा साधारण 750 लिटर वायू होतो. हेलियम वर चढतो, गार नायट्रोजन खाली बसतो, आणि दोन्ही ऑक्सिजनला हटवतात. म्हणून ऑक्सिजन सेन्सर दोन लावा, एक छताजवळ आणि एक गुडघ्याच्या उंचीवर.

मुंबईत यंत्राचा छुपा शत्रू म्हणजे त्याला हवा पुरवणारा कंप्रेसर. पावसाळ्यात त्याच्या टाकीत रोज पाणी साचतं. ते काढलं नाही आणि ड्रायर जुना झाला असेल, तर ओलसर हवा थेट प्रोबपर्यंत, म्हणजे नमुन्याचा सिग्नल टिपणाऱ्या भागापर्यंत, पोचते. तपासायला सोपं आहे: हवेची नळी सोडून टिश्यू पेपरवर मिनिटभर धरा. ओल दिसली तर त्या दिवशी नमुना लावू नका. एसी जनरेटरवर आहे ना, तेही बघा. बरेचदा यूपीएसवर फक्त कन्सोल (यंत्राचं इलेक्ट्रॉनिक्सचं कपाट) असतो, एसी बंद पडतो आणि कन्सोल तापतो.

वीज गेली म्हणून चुंबक पडत नाही, म्हणजे त्याचं क्षेत्र जात नाही. अतिवाहक तारेला रोध नसतो, प्रवाह फिरत राहतो, तार 4.2 केल्विनच्या हेलियमात बुडलेली असली की झालं. चुंबक पडतं ते हेलियमच्या खरेदीची फाइल अडकल्यावर! पुरवठादाराशी निदान दोन वर्षांचा दरकरार करा आणि पातळी किमान रेषेच्या बरीच वर असतानाच मागणी नोंदवा. नायट्रोजन आठवड्या-दहा दिवसांनी लागतोच. विसर्जनाच्या दिवसांत रस्ते बंद असतात, तेव्हा टेम्पो आधीच बोलवा. हेलियम भरताना ट्रान्सफर लाइन बाहेरच गार करून मगच आत घाला. गरम लाइन गेली तर आतलं हेलियम उकळतं आणि भरता भरताच क्वेंच होऊ शकतं.

आता पैसा. विद्यार्थी, इतर महाविद्यालयं आणि तारापूर-तुर्भ्याच्या कंपन्या असे तीन दर ठेवा. पण ही फी विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीत गेली की परत येत नाही. पहिला नमुना लावण्याआधीच व्यवस्थापन परिषदेकडून केंद्राच्या स्वतंत्र खात्याचा ठराव करून घ्या.

ऑपरेटर अकरा महिन्यांच्या करारावर ठेवाल, तर शिकला की तो औषध कंपनीत जाणार. कायम पद मागा, आणि ते मिळेपर्यंत दोघांना शिकवा. हेलियमची पातळी कागदी वहीत, तारीख आणि सहीसकट, दर सोमवारी लिहायला लावा.