धुळ्याचे डाईक आधी पडद्यावर, मग पायाखाली

कॉलेजच्या एस.वाय.च्या (दुसऱ्या वर्षाच्या) मुलांना डाईक, म्हणजे जमिनीतल्या उभ्या भेगेत वितळलेला खडक घुसून थिजलेली भिंत, शिकवताना मी फळ्यावर उभी रेघ मारायचे, आणि मुलं ती वहीत उतरवायची. आता प्रॅक्टिकलला गूगल अर्थ प्रो उघडते. ते फुकट आहे. दोन मुलांत एक कॉम्प्युटर पुरतो. नेटचा भरवसा नसेल तर आदल्या दिवशी साक्री-दोंडाईचाचा भाग झूम करून पाहून ठेवा, चित्रं कॅशमध्ये राहतात.

आधी घड्याळाच्या चिन्हावरून एप्रिल-मेचं चित्र निवडा. पावसाळ्यानंतरच्या हिरवाईत डाईक हरवतात. मग काहीही न सांगता मुलांना सरळ रेषा शोधू द्या. ती रस्ते, पाटाचे कालवे, शेताचे बांध सगळं दाखवतील. दाखवू द्या. "हा डाईकच कशावरून?" एवढंच विचारा. रेषेला आडवा पाथ काढून सेव्ह करायचा, राइट क्लिक करून एलिव्हेशन प्रोफाइल, म्हणजे त्या रेघेवरच्या जमिनीच्या उंचीचा आलेख, बघायचं. आजूबाजूचा बेसॉल्ट (काळा दगड) झिजून डाईक उभा राहिला असेल, तर मधोमध उंचवटा दिसतो. अरुंद डाईक मात्र यात सापडत नाहीत, हे सांगून ठेवा.

आता रूलरने प्रत्येक डाईकची लांबी आणि हेडिंग (उत्तरेपासून अंशांत मोजलेली दिशा) मोजायचं. प्रत्येक जोडीने किमान वीस तरी. इथे चूक हमखास होते: एकाच डाईकला एक जण 85 लिहितो, दुसरा 265, कारण रेघ उलट्या टोकाकडून ओढलेली असते. 180 च्या वरच्या आकड्यातून 180 वजा करायला लावा, पण रोझ डायग्राम (कुठल्या दिशेला किती डाईक, हे पाकळ्यांनी दाखवणारा गोल आलेख) एकदा चुकीचा निघाल्यावरच. तो डायग्राम हातानेच, दहा-दहा अंशांचे भाग पाडून. बहुतेक पाकळ्या पूर्व-पश्चिमेच्या आसपास येतात. मग विचारा, जमीन कुठल्या दिशेने ताणली गेली असेल? "उत्तर-दक्षिण" हे उत्तर मुलांकडूनच येऊ द्या. मला हा तास त्याच क्षणासाठी आवडतो.

त्यानंतरच फील्डवर न्या. आपल्याकडे चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एका अंशाचाही फरक नाही, त्यामुळे ब्रंटनचं (भूगर्भशास्त्रातल्या होकायंत्राचं) रीडिंग पडद्यावरच्या आकड्याशी थेट ताडून पाहता येतं. आणि डाईकच्या कुशीत सरपण रचावं तसे आडवे पडलेले दगडी खांब दाखवा. थंड होताना भेगा डाईकच्या भिंतींना काटकोनात पडतात, म्हणून ते आडवे. उपग्रहाच्या चित्रात हे दिसत नाही, तिथे हात लावूनच बघावं लागतं.