पोरांसाठी पुराण आणि जंगलाच्या साहसकथा लिहिताय? मग या चुका टाळा

मी शहाद्यात रविवारी पोरांना गोष्टी सांगते, काही माझ्या, काही पोरांनीच रचलेल्या, आणि आता ओळखीतले लिहिणारे पण आपापले ड्राफ्ट वाचायला पाठवतात. पुराण, जंगल आणि साहस हे तिन्ही एकत्र आणायचं म्हटलं की गोष्ट त्याच त्याच जागी फसते, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मध्येच भाषण. पोरं गुहेत शिरलीत, आत काहीतरी घरघरतंय, आणि तेवढ्यात वडाचं झाड बोलायला लागतं की मुलांनो, प्लास्टिक वापरू नका. ऐकणाऱ्या पोरांचे चेहरे त्या क्षणी पडतात, मी बघितलंय, त्यांना वाटतं आपल्याला गोष्ट सांगतो म्हणून बोलावलं आणि शाळेत बसवलं. हे भाषण आपण घालतो कारण आपली समजूत असते की पुराणात निसर्ग नाहीये, तो बाहेरून आणून चिकटवावा लागणार. पण तसं नाहीये हो.

आपला अश्वत्थामाच घ्या. धडगाव तालुक्यात अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीला यात्रा भरते, कपाळावरची जखम घेऊन तो अजून सातपुड्यात फिरतो आणि वाटसरूंकडे तेल मागतो असं आपल्याकडे म्हातारी माणसं सांगतात. बहुतेक ड्राफ्टमध्ये तो नुसता भूत बनून येतो, पोरं घाबरतात, पळतात, संपलं. आता महाभारतातलं सौप्तिकपर्व बघा. अश्वत्थाम्याने ब्रह्मशिर अस्त्र सोडलं, अर्जुनानेही सोडलं, मध्ये नारद आणि व्यास येऊन उभे राहिले, अर्जुनाने आपलं अस्त्र मागे घेतलं पण अश्वत्थाम्याला ते जमेना. आणि तिथेच म्हटलंय की असं अस्त्र जिथे दुसऱ्या अस्त्राने अडवलं जातं त्या मुलखात बारा वर्षं पाऊस पडत नाही. बारा वर्षं! मे महिन्यात टँकरची वाट बघितलेल्या पोराला यापुढे काही समजवावं लागत नाही.

मग गोष्ट कुठून सुरू करायची तेही सापडतं. फाल्गुन-चैत्रात डोंगरावरचं गवत वाळून कडकडीत झालेलं असतं, एका पोराने गंमत म्हणून काडी ओढली, वणवा पेटला. सोडता आला, मागे घेता येत नाही. तेल मागणारा म्हातारा त्याला त्या रात्री भेटला तर त्या दोघांना एकमेकांचं दुःख कळेल, आणि झाडं वाचवा हे वाक्य लिहायची गरजच उरत नाही. ड्राफ्टमध्ये भाषण सापडलं की ते काढा आणि त्याचा एक नियम करा, मग तो नियम कोणीतरी मोडू द्या. आपल्या सणांत असे नियम भरपूर आहेत, नागपंचमीला नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, एवढ्या एका नियमावर अख्खी गोष्ट उभी राहते.

दुसरं, शेवटी देवी प्रकट होते आणि सगळं नीट करते. पोरांनी मग केलं काय? देवाने मदत करावी पण अर्धी, एखादी खूण, एखादा प्रश्न, बाकीचं पोरांनी पायाने चालून मिळवावं.

आता प्राण्यांचं. अस्वलाला राक्षस करून टाकतात आणि खरं साहस हातचं जातं. मोहाची फुलं रात्री गळतात, वेचायला माणसं पहाटे अंधारातच निघतात, आणि अस्वलालाही मोह फार आवडतो. त्याची नजर अधू, माणूस अचानक जवळ आला की दचकून अंगावर येतं. एकाच झाडाखाली टोपली घेतलेली पोरगी आणि भुकेलं अस्वल, दोघंही मोहासाठीच आलेत, यात खलनायक कशाला पाहिजे? घुबडाचं पण तसंच, दिसलं की अपशकुन. अहो, रानपिंगळा हे छोटं घुबड 1884 नंतर कोणाला खात्रीने सापडलंच नव्हतं, संपला असं धरून चालले होते, आणि 1997 मध्ये तो पुन्हा दिसला तो आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात. शिवाय तो दिवसा वावरतो! 113 वर्षं हरवलेला पक्षी आपल्या दाराशी असताना आपण पोरांना अपशकुन शिकवतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

जागा आणि ऋतू तपासा. सातपुड्यात सिंह नाही. पळस फुललाय आणि त्याच रात्री काजवे चमकतायत असं होत नाही, पळस फाल्गुनातला, काजवे पावसाच्या तोंडावरचे. बोलीचं पण बघा, धुळ्याकडचा आजा अहिराणीत "कसाले जास तथा?" म्हणेल, यावल-रावेरकडे लेवा बोली कानावर येईल, धडगावला पावरी, सगळ्यांना एकच गावठी मराठी देऊ नका.

आणि एक नाजूक गोष्ट. याहा मोगी, वाघदेव ही इथल्या आदिवासींची आजही पुजली जाणारी दैवतं आहेत, व्हिडिओ गेममधली पॉवर नाहीत. भिल्ल किंवा पावरा माणूस गोष्टीत आला की तो मांत्रिकच किंवा रस्ता दाखवणाराच असं करू नका, त्यांच्या पोराला नायक करा, आणि त्यांच्यातल्या कोणाला तरी छापायच्या आधी वाचून दाखवा, चुकलं असेल तर ते लगेच सांगतात.

राहिला साप. गोष्टीतला नायक नाग हातात धरतो, वाटीतून दूध पाजतो, आणि ऐकणारी पोरं दुसऱ्या दिवशी तेच करायला बघतात. दूध हे नागाचं अन्न नाही. नायकाला मागे सरकू द्या, बहिणीने मोठ्यांना हाक मारू द्या, सर्पमित्र येईपर्यंत लहान भावाला खाटेवरून खाली उतरू न देता त्या फण्यावर नजर ठेवून बसायचं. पंधरा मिनिटं, कंदिलाच्या उजेडात, आणि कंदिलातलं तेल संपत आलंय.