कोरड्या प्रदेशातील वनस्पतींचे हर्बेरियम नमुने
हर्बेरियमसाठी, म्हणजे दाबून वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, कोरड्या उपोष्ण प्रदेशातील झुडपाची फांदी घेताना तिच्यावर फुले किंवा फळे, शक्यतो दोन्ही, असावीत. नुसत्या पानांवरून ओळख सहसा पटत नाही. पातळ पाने वर्तमानपत्राच्या घडीत दाबून कागद रोज बदलले की काही दिवसांत वाळतात. खरी कसोटी लागते ती निवडुंगासारख्या मांसल वनस्पतींशी: त्या दाबाखालीही जिवंत राहतात, कधी चक्क नवे कोंब फोडतात, म्हणून खोड उभे चिरून आतील गर खरवडून काढावा किंवा तुकडा थोडा वेळ उकळत्या पाण्यात बुडवावा. काटे मात्र मोडू देऊ नयेत. फुलाचा मूळ रंग, चीक आणि झाडाची उंची वाळलेल्या नमुन्यावरून कळत नाही. या गोष्टी ठिकाण व तारखेसह जागेवरच टिपाव्यात. शेवटी नमुना सुमारे ४२ × २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवावा.