गरोदरपणात वाढलेलं बीपी : बाई वॉर्डात येण्याआधी आणि आल्यावर

बीपी वाढलेली गरोदर बाई येतेय असा निरोप आला की आधी कफ बघा. मशीन चालू आहे का ते सगळेच बघतात, कफकडे कुणाचं लक्ष नसतं. दंड जाड आणि कफ लहान असेल तर आकडा खोटाच वाढीव येतो, आणि पुढचे सगळे निर्णय त्याच आकड्यावर होतात. म्हणून मोठा कफ हाताशी हवाच. तिला पाच मिनिटं शांत बसू द्या, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. डाव्या कुशीवर झोपवून वरच्या हाताचं बीपी घेतलं तर ते असतं त्यापेक्षा कमी दिसतं. विसाव्या आठवड्यानंतर चार तासांच्या अंतराने दोनदा 140/90 किंवा त्याहून जास्त आलं, तर ते वाढलेलंच धरायचं. वरचा आकडा 160 किंवा खालचा 110 झाला तर मात्र चार तास थांबायचं नाही. 15 मिनिटांच्या आत पुन्हा मोजा, तसंच असेल तर डॉक्टरांना लगेच बोलवा. औषध तासाभराच्या आत सुरू झालं पाहिजे, शक्यतो त्याआधीच.

लघवीसाठी स्वच्छ डबी आणि मुदत न संपलेली स्ट्रिप ठेवा. अंगावरचा स्राव मिसळला तर प्रथिनं चुकीची दिसतात, म्हणून मधल्या धारेची लघवी घ्यायला सांगा. स्ट्रिप कोरी आली म्हणून निर्धास्त होऊ नका, प्रथिनं नसतानाही प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून लिव्हर, किडनीसारख्या अवयवांवर ताण येणारा आजार) असू शकतो. रक्ताच्या बाटल्याही तयार असू द्या. प्लेटलेट एक लाखाच्या खाली, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) 1.1 mg/dLच्या वर किंवा लिव्हरची एन्झाइम दुप्पट, यातलं काहीही आलं तरी ते लगेच कळवायचं.

आता विचारपूस. माझ्या मते सगळ्या तपासणीत हाच भाग सर्वांत घाईत उरकला जातो. "काही त्रास होतोय का?" असं विचारलं की उत्तर "नाही" असंच येतं. त्यापेक्षा एकेक विचारा. गोळी घेऊनही डोकं थांबत नाही का? डोळ्यांसमोर काजवे चमकतात का, धूसर दिसतं का? उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतं का? हे दुखणं बाई बहुतेक वेळा "पित्त झालंय" म्हणून सांगते, आणि ते लिव्हरचं असू शकतं. दम लागतो का, बाळाची हालचाल कमी झाली का, रक्त जातंय का, हेही विचारा. पोट दगडासारखं घट्ट लागलं तर वार सुटत असल्याची शंका घ्या. पायांची सूज गरोदरपणात बऱ्याच जणींना असते. चेहरा आणि हात अचानक सुजले असतील तर ते वेगळं नोंदवा.

मग हातोडी घ्या. गुडघ्याचा झटका बघा, नंतर पाऊल झटकन वर दाबून तसंच धरून ठेवा. ते तुमच्या हातात लागोपाठ ठोके दिल्यासारखं उडत राहिलं, तर फिट येण्याचा धोका वाढला आहे असं समजा.

ट्रेमध्ये फिट रोखणारं मॅग्नेशियम सल्फेट आणि त्याच्या शेजारीच त्यावरचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट. एक असेल तर दुसरं हवंच. मॅग्नेशियमच्या प्रत्येक डोसआधी गुडघ्याचा झटका आहे ना, श्वास मिनिटाला 16 किंवा जास्त आहे ना, लघवी तासाला निदान 30 मिली होतेय ना, हे बघा. यातलं एक जरी नसेल तरी डोस थांबवून डॉक्टरांना बोलवा. ऑक्सिजन आणि सक्शन चालवून बघितलेलं असावं, कॉटचे कठडे वर असावेत. फिट आलीच तर तोंडात काहीही घालू नका, तिला कुशीवर वळवा आणि वेळ लिहा.

बाळंतपणानंतरच्या ट्रेमधून मेथरजिन (रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन) बाजूला काढा, त्याने बीपी आणखी चढतं. बाळ झालं म्हणून मोजणंही थांबवू नका. बीपी तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत जास्त चढू शकतं, आणि तोवर बाई अनेकदा घरी गेलेली असते. त्यामुळे डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा दम लागला तर रात्रीसुद्धा यायचं, हे तिला आणि सोबतच्या माणसाला समोर बसवून सांगा.